शनीचं प्लॅस्टिक

"बोला शनिमहाराज की..."

"जय!"

हा जयघोष देवळात चालला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण तो चालला होता उंब्रजच्या आमच्या काकवीच्या कारखान्यात, पॅकिंग हॉलमध्ये, सकाळी साडेसातला, भर पाळीत. साठ-पासष्ट माणसं अनवाणी हात जोडून उभी. बायकांचे डोक्यावर पदर. आणि समोर देव कोण? तर रॅपिंग मशीन! त्याला झेंडूची माळ, खांबाला नारळ, वर पाच उदबत्त्या, आणि बटणांच्या पेटीवर पांघरलेली काळी शाल.

शालीशेजारी अर्जुना महाराज उभे. माणकडून आलेले. चाळिशीचे, गोटीबंद, काळं धोतर, दहा बोटांत नऊ अंगठ्या.

"प्लॅस्टिक कशापासून हुतं रं?" त्यांनी गर्दीला विचारलं.

मग तेच म्हणाले, "त्येलापासून! जमिनीच्या पोटातल्या काळ्या त्येलापासून. आन् त्येल कुणाचं? शनीचं! म्हंजी ह्ये जे तुमी खोक्याला गुंडाळताय, त्ये शनीचं वस्त्र हाय. आन् देवाचं वस्त्र तुमी कात्रीनं कापताय, पायाखाली तुडवताय. मग त्यो फाडणार न्हाई तर काय करंल?"

"आगं बया!" बायकांतून आवाज आला. आमचे मालक धवलशेठ, सांगलीचे, पुण्याला मॅनेजमेंट शिकून आलेले, त्यांनीही मान डोलावली. मला तर डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. शनीचं वस्त्र म्हणे! मग दुधाची पिशवी शनीची आणि आमच्या गाड्यांचं डिझेलही शनीचंच की.

मी मधु. या कारखान्यात फिटर. वय सत्तावन्न, मूळचा वाईचा, सगळे मला मधुअण्णा म्हणतात. देवाचं मला वेड नाही आणि वावडंही नाही. 'आपण मानत नाही, पण लोकांचं चालू द्या' हे माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान. त्याची मला लाज का वाटते, ते पुढं येईलच.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांना सांगतो. लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या बैठकीवर, काकवीच्या बाटल्यांचे खोके माणसाच्या उंचीएवढे रचायचे. ते पॅलेट फिरत्या तबकावर ठेवायचं. शेजारी खांबावर पारदर्शक फिल्मचा रोल उभा असतो. तबक फिरतं, रोल वर-खाली होतो आणि फिल्म खोक्यांभोवती गच्च बसते. ती ताणून बसली तरच ट्रक घाटात वळताना खोके जागेवर राहतात. सैल बसली तर गुंडाळली काय आणि न गुंडाळली काय, सारखंच.

तर दसऱ्यापासून ही फिल्म तुटायला लागली होती. रोज सकाळी. पहिली तीन-चार पॅलेट होईपर्यंत दहा-दहा वेळा फट्‌दिशी तुटायची, मग दिवसभर गुण्यागोविंदानं चालायची. मी रोलर पुसले, बेअरिंग बदलली, फिल्मवाल्याला फोनवर चार शिव्या घातल्या. त्यानं दुसरा माल पाठवला, तोही तुटला. गाड्यांना उशीर झाला आणि गिऱ्हाइकाची पत्रं यायला लागली. धवलशेठच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यांनी महाराज आणले.

महाराजांनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला. "आता समद्यांनी डोळं मिटा! ज्येचं डोळं उघडं, त्येची साडेसाती पक्की!"

डोळे मिटले सगळ्यांनी. खोटं कशाला बोलू, मीही मिटले. साडेसातीच्या भीतीनं नाही हो, लोकांत बरं दिसत नाही म्हणून. उघडले तेव्हा महाराजांचा हात शालीखालून बाहेर येत होता. मग त्यांनी स्वतः फिल्मचं टोक धरलं, रोलरांच्या मधून सर्रकन ओवलं आणि पॅलेटला खोचलं. "दाबा बटण!"

तबक फिरलं. एक वेढा, दोन, पाच, बारा. फिल्म तुटली नाही! दुसरं पॅलेट झालं, तिसरं झालं. कुणी शिट्टी मारली, कुणी रडलं. धवलशेठ वाकून पाया पडले.

आणि मग महाराज नाक वर करून हुंगायला लागले. "शेठ, अजून बाधा हाय. हितं एक हात असा हाय जो जुळत न्हाई. त्यो हात यंत्राला लागतूय."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. प्रियंकाकडं.

प्रियंका मशीन चालवणारी मुलगी. सव्वीस वर्षांची, आयटीआय झालेली, मसूरजवळच्या बौद्ध वस्तीतली. तीन वर्षं खोके घडी करण्यात घालवल्यावर दसऱ्याला तिला मशीन मिळालं होतं, कारण जुना ऑपरेटर निवृत्त झाला. एक जानेवारीला ती कायम होणार होती. कारखान्यात मशीनवर कायम होणारी ती पहिली बाई. घरी आई आणि शिकणारा भाऊ, सगळं हिच्यावर. सकाळच्या पूजेला ती बाजूला उभी राहायची, हात मागं बांधून. कुणाला नावं ठेवत नव्हती, हात मात्र जोडत नव्हती.

त्यावरून हरिबानाना तिला रोज छेडायचे. नाना म्हणजे पॅलेट ओढणारे आमचे सगळ्यांत जुने कामगार. पूजा त्यांचीच. "पोरी, जोड की हात. काय जातंय तुजं?"

"नाना, हे हात काम करायला आणलेत मी," ती हसून म्हणायची. आणि नाना तिच्याच डब्यातली भाकरी मोडून खायचे. भांडण असं नव्हतंच.

पण आता महाराजांनी बोट दाखवलं आणि साठ माणसांना एकदम आठवलं की अरे, दसऱ्याला ही आली आणि दसऱ्यापासूनच तुटतंय! दुसऱ्या पाळीत तानाजी असतो, तेव्हा तुटत नाही. झालं! हिशेब जुळला. बौद्धाची पोर, त्यात बाई, त्यात हात जोडत नाही. आणखी पुरावा कशाला पाहिजे लोकांना?

"एकवीस दिवस तिनं यंत्राला शिवायचं न्हाई," महाराज म्हणाले. "आन् ही शाल कुणी उचलायची न्हाई, बटण वरनंच दाबायचं. यंत्राचं सोवळं हाय त्ये."

शिवायचं नाही! हा शब्द या जिल्ह्यात, या वर्षी, भर कारखान्यात! आणि एक माईचा लाल पुढं आला नाही. मीसुद्धा नाही.

"प्रियंका," धवलशेठ जमिनीकडं बघत म्हणाले, "थोडे दिवस खोके घडी कर. नंतर बघू."

"माझी ऑर्डर, सर?"

"नंतर बघू म्हटलं ना."

तिनं आपलं मार्कर पेन आणि एक पिशवी उचलली. जाताना माझ्याजवळ थांबली. "मधुअण्णा, ती फिल्म ओवायची वाट मला शिकायला आठ दिवस लागले. महाराजांनी न बघता ओवली. शनीनं शिकवली असंल का?"

मी म्हटलं, "जाऊ दे पोरी, तोंड घालू नको. चार दिवसांत विसरतील." अशी मी तिला अक्कल शिकवली.

आठवडाभर फिल्म तुटली नाही. पहिल्या पाळीला तानाजी मशीनवर. उंब्रजच्या चौकात महाराजांचा फलक लागला. मी मंगळवारी एका पॅलेटला बोट लावून पाहिलं, तर फिल्म नव्या सुनेच्या सासऱ्यासारखी ताठ हवी, ती लोंबत होती. धवलशेठना सांगितलं.

"अण्णा, तुटत नाही ना? मग झालं तर!"

शाल उचलायला मला एक सेकंद लागला असता. मी फिटर, पेटी माझी, किल्ल्या माझ्या. पण म्हटलं, नको भांडण. लोकांच्या भावना दुखावतील.

गुरुवारी हरिबानाना हातगाडीवर पॅलेट ओढत ट्रककडं निघाले. उंबऱ्यावर चाकाला दणका बसला. वरचे खोके सरकले, फिल्म नुसतीच ताणली गेली, आणि अख्खा ढीग नानांच्या पायावर आला. मी धावत गेलो तर काकवीच्या थारोळ्यात म्हातारा पडलेला, आणि कोणतं लाल रक्ताचं आणि कोणतं काकवीचं ते कळेना. ओरडत नव्हते. "आरं बाटल्या... बाटल्या बगा..." म्हणत होते. मिरजेला नेलं. नडगीत सळई घातली. वय एकसष्ट.

आणि शनिवारी महाराज पुन्हा हजर!

"म्या काय म्हन्लं हुतं?" ते गरजले. "बाधा हाय! शनीनं रगात घेतलं. ती बाई अजून छपराखालीच हाय की! फाटकाच्या भाईर काढा तिला, न्हाईतर पुढचा पाय मालकाचा आसंल!"

धवलशेठचा चेहरा पांढराफटक. "प्रियंका, आजचा दिवस तू घरी..."

"जाते, सर," ती म्हणाली. हातात तीच पिशवी. "पण नानांचा पाय कशानं मोडला ते कळल्यावर जाते. दहा मिनिटं द्या. अण्णा, ती शाल उचला."

"खबरदार!" महाराज ओरडले. "हात झडंल!"

झडू दे. दोन दिवस मला त्या म्हाताऱ्याचं "बाटल्या बगा" झोपू देत नव्हतं. मी शाल ओढली आणि जमिनीवर टाकली.

फिल्मच्या ताणाचा नॉब मी कायम सातवर ठेवतो. शेजारी खडूनं '७' लिहिलंय, माझंच अक्षर. नॉब होता दोनवर.

"ताणच काढून घेतला होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "ताण नाही म्हणून तुटत नाही. आणि ताण नाही म्हणून माल ढासळला. कळला का चमत्कार? तुम्ही डोळे मिटले आणि यांनी शालीखाली नॉब फिरवला!"

"शनीनं फिरवला आसंल!"

"व्हय का?" प्रियंका पुढं झाली. "महाराज, कुठल्या कंपनीत होता हो पॅकिंगला?"

"मी? मी तर... चाकणला लय पूर्वी..." महाराज बोलून गेले आणि जीभ चावली. गर्दीतून एकदम खसखस पिकली. नऊ अंगठ्यांचा देवमाणूस मुळात आमच्यातलाच ऑपरेटर!

पण गडी पक्का. लगेच सावरला. "आसंल! पर फिल्म तुटत हुती का न्हाई आधी? ती का तुटत हुती, त्ये सांग की! तुज्यामुळंच ना?"

खरंच, हा प्रश्न होताच. तानाजीनं मान खाली घालून नॉब सातवर केला. सकाळची उदबत्ती नानांच्या जागी त्यानंच लावली होती. त्यानंच बटण दाबलं. तिसऱ्या वेढ्याला फट्! फिल्म तुटली.

"बगा! बगा!" महाराज नाचायलाच लागले. "ती नुसती उभी हाय तरी तुटतंय!"

"आता मशीनला हात तानाजीदादाचा होता," प्रियंका शांतपणे म्हणाली, "आणि तुटायची वेळ तीच, सकाळची. म्हणजे हात कुणाचा याच्याशी संबंध नाही. बरोबर ना, दादा?"

तानाजी डोकं खाजवत म्हणाला, "आता आसं बगितलं तर... व्हय गड्या."

तिनं पिशवी उलटी केली. फिल्मचे तुकडे पडले, चाळीस-पन्नास. प्रत्येकावर मार्करनं तारीख आणि वेळ. खोके घडी करायला बसवल्यावरही तिनं कचऱ्याच्या डब्यातून जुने तुकडे वेचून लावले होते. "मी रोज ठेवले. प्रत्येक तुकडा वरच्या कडेपासून फाटलाय. मधून एकही नाही. आणि फाटायला जिथं सुरुवात झाली तिथं बोट लावून बघा."

धवलशेठनी बोट लावलं. "टोचतंय. काहीतरी कडक आहे."

"प्लॅस्टिक फाटलं तर कड मऊ राहते. वितळलं तर कडक गाठ होते. सर, हे फाटलेलं नाही, आधी जळलंय."

मग तिनं खिशातून सुतळी काढली. रोलभोवती एक फेरा घेतला आणि तेवढीच कापली. रोलवरून हातानंच फिल्म ओढून फरशीवर पसरली. वरच्या कडेला बारीकशी खाच होती. तिथून सुतळी धरली, तर सुतळी संपते तिथं दुसरी खाच. पुन्हा सुतळी, तिसरी खाच. बायका वाकून बघायला लागल्या. चौथ्या वेळी सगळ्यांनी मिळूनच "हाय!" म्हणून आवाज दिला.

"प्रत्येक फेऱ्याला एकच खाच, एकाच जागी. म्हणजे रोल उभा असतानाच त्याच्या डोक्यावर गरम काहीतरी पडलंय. फिल्म केसापेक्षा बारीक. मोहरीएवढा निखारा पडला तरी शंभर थरांची कड एकदम जळते. ते शंभर थर संपेस्तोवर तुटत राहतं, मग दिवसभर चांगलं. दुसऱ्या पाळीला तुटत नाही, कारण तोवर जळलेला भाग संपलेला असतो. आता वर बघा."

पासष्ट माणसांनी वर पाहिलं. रोलच्या बरोबर डोक्यावर, रोलबरोबरच वर-खाली हलणाऱ्या पट्टीवर, लोखंडी नळीचं घर होतं. त्यात पाच उदबत्त्या. मशीन थरथरत होतंच. बघता बघता एकीचं लाल टोक निसटलं आणि रोलच्या कडेवर पडलं. बारीकसा धूर निघाला आणि विझला.

तानाजीनं कपाळावर हात मारला.

नानांनी एक उदबत्ती लावायची, ती महाराजांनी पाच केली. म्हणजे दुखण्याचाच डोस पाचपट! ताण सातवर असता तर मशीननं पहिल्याच दिवशी महाराजांची अब्रू काढली असती. म्हणून शाल, म्हणून सोवळं. प्रियंकानं उदबत्त्या काढून बादलीत विझवल्या, नवा रोल चढवला, नॉब सातवरच ठेवला आणि स्वतःच्या, न जोडलेल्या हातानं बटण दाबलं. बारा पॅलेट झाली. एकदाही तुटलं नाही. बोट मारलं तर फिल्म ढोलकीसारखी वाजत होती.

महाराज मागच्या दारानं सटकत होते. बायकांनीच धरले. "आमच्या नानाचा पाय दे आदी!" खोके घडी करणाऱ्या पारूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली चप्पल बघून महाराज पहिल्यांदा खरोखर हात जोडून उभे राहिले. प्रियंकानं तिथल्या तिथं पोलिसांना फोन लावला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे या राज्यात, नुसता फलकावर वाचायला नाही, वापरायला.

"झालं गेलं विसर," धवलशेठ तिला म्हणाले. "उद्यापासून मशीनवर ये."

"उद्या नाही, सर. मला काढलं ते सगळ्यांसमोर. 'शिवायचं नाही' म्हणाले तेही सगळ्यांसमोर, आणि तुम्ही गप्प होता. परतही सगळ्यांसमोर घ्या. आत्ता."

धवलशेठ सगळ्यांकडं वळले. "मशीन प्रियंकाच चालवणार," मोठ्यांदा म्हणाले. माफी मागितली आणि एक जानेवारीची ऑर्डर दुपारपर्यंत टाइप करतो म्हणाले. मनापासून की लाजेनं ते मला माहीत नाही. मला त्याची फिकीरही नाही.

आता माझं. ती उदबत्तीची नळी तिथं आली कुठून? खंडेनवमीला नाना मला म्हणाले होते, "अण्णा, उदबत्ती जमिनीवर ठिवली की पॅलेटखाली येती. मशीनवरच कायतरी करून दे की." मी वेल्डिंग करून दिली. फिटरला एवढं कळायला नको होतं की प्लॅस्टिकच्या डोक्यावर विस्तव लावू नये? कळत होतं. पण पूजेची गोष्ट आली की माझं डोकं मीच बंद करतो. दोन महिने मी बेअरिंग बदलत बसलो, फिल्मवाल्याला शिव्या घालत बसलो, पण ज्या जागी माझ्याच हातचं वेल्डिंग होतं तिथं एकदाही मान वर केली नाही. कारण तिथं उदबत्ती होती. आणि उदबत्तीवर कोण संशय घेतो? त्यापेक्षा पोरीवर घेणं सोपं.

रविवारी मिरजेला गेलो. नाना खाटेवर, पाय उंच बांधलेला. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी माज्याच उदबत्तीनं त्या पोरीवर आळ आला?"

"नाही नाना. नळी मी लावली."

"म्या लाव म्हन्लं म्हणून लावली तुमी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रोज म्हनायचो तिला, हात जोड. आन् सगळी तिच्यावर बोट रोखून उभी हुती, तवा म्या कुटं हुतो, अण्णा? म्या पण हात जोडूनच हुतो."

तेवढ्यात प्रियंका आली, डबा घेऊन. भाकरी मोडली आणि नानांच्या हातात दिली. नानांनी ती भाकरी धरली आणि ढसाढसा रडले. ती म्हणाली, "खावा आधी, नाना. मी पण उपाशी हाय."

सोमवारी मी ग्राइंडरनं नळी कापून काढली. नानांची उदबत्ती आता हॉलच्या दारापलीकडं, कोपऱ्यात लागते. देवाची काही तक्रार आलेली नाही.

मी तुम्हाला देव सोडा म्हणत नाही. मी सांगतोय ते इतकंच. घरात, शेतात, कारखान्यात काही बिघडलं, तर ते कधी बिघडतं, कुठून बिघडतं, हे बघा. तुकडे जपून ठेवा, सुतळी लावून मोजा. डोळे मिटा म्हणणारा माणूस भेटला तर डबल उघडे ठेवा. त्यानं माणसाकडं बोट केलं, तर शाल उचलायला तिथल्या तिथं पुढं व्हा. मी नानांचा पाय मोडेपर्यंत थांबलो. हरिबानाना आजही कुबडी घेऊन चालतात.